फ्रेंचमध्ये ‘का?’ विचारायला शिकवणारी जळगावची बॅच: सोळा तास, एक पुस्तिका आणि काही तक्रारी

फ्रेंचचा कुठलाही क्लास लावा, पहिल्या दिवशी ‘माझं नाव अमुक, मी तमुक गावी राहतो’ हेच घोकून घेतात. जळगावात रिंग रोडच्या बाजूला रविवारी भरणारी ही छोटी बॅच वेगळी आहे. इथे आठही रविवार फक्त प्रश्न विचारायला शिकवतात. सकाळी ९ ते ११.१५, मध्ये पंधरा मिनिटं चहा. म्हणजे निव्वळ शिकवणं सोळा तास. फी ३,२०० रुपये, त्यात ५६ पानांची स्पायरल पुस्तिका. बाराच्या वर माणसं घेत नाहीत. येणारे कोण, तर फर्दापूर-अजिंठा बाजूचे गाडीवाले नि गाइड, हॉटेलच्या काउंटरवर बसणारी मुलं, कॅनडाची तयारी करणारे दोघं-तिघं, आणि भुसावळ-पाचोऱ्याहून सकाळच्या गाडीने येणारे कॉलेजचे विद्यार्थी.

नुसते प्रश्नच का, याचं उत्तर अजिंठ्यात आहे. लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली तरी रेल्वेने येणारा पाहुणा बहुधा जळगावलाच उतरतो आणि पुढचे साठेक किलोमीटर गाडीने जातो. त्या प्रवासात गाडीवाल्याला पद्मपाणीवर भाषण द्यायचं नसतं. कुठून आलात, किती दिवस आहात, पाणी हवं का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘सोमवारी लेणी बंद असतात, माहीत आहे ना?’ एवढं विचारता आलं तरी त्याचं काम होतं. हा शेवटचा प्रश्न पुस्तिकेत अगदी पहिल्या पानावर आहे: ‘वू सावे क से फेर्मे ल लँदी?’ पुस्तिका कुणासाठी आहे ते या एका वाक्यात कळतं.

फ्रेंचमध्ये हो-नाहीचा प्रश्न तीन तऱ्हांनी विचारतात. साधं वाक्य बोलून शेवटी सूर वर न्यायचा, ही एक. वाक्याच्या आधी ‘एस्क’ लावायचं, ही दुसरी. क्रियापद आणि सर्वनाम यांची अदलाबदल करायची, ही तिसरी. बहुतेक पुस्तकं तिन्ही एकाच पानावर मांडतात, आणि शिकणारा तिन्हींची खिचडी करतो: एस्कही लावतो, अदलाबदलही करतो आणि वर सूरही चढवतो. इथल्या मॅडम पहिले तीन रविवार एस्कच्या पलीकडे जाऊ देत नाहीत. हे शंभर टक्के बरोबर आहे. एस्क मागच्या वाक्याला हात लावत नाही. विधान जसंच्या तसं ठेवायचं, पुढे एस्क जोडलं की झाला प्रश्न. ‘वू पार्ले आँग्ले’ म्हणजे तुम्ही इंग्रजी बोलता. ‘एस्क वू पार्ले आँग्ले?’ म्हणजे तुम्ही इंग्रजी बोलता का?

समजावण्याची रीतही इथल्या मातीतली आहे. मराठीत ‘का’ शेवटी येतो, म्हणून मराठी डोकं वाक्य संपेपर्यंत प्रश्न राखून ठेवतं. हिंदीत मात्र ‘क्या आप अंग्रेज़ी बोलते हैं?’ असा ‘क्या’ पुढे येतो. जळगाव-भुसावळ-रावेर पट्ट्यात हिंदी सगळ्यांच्याच जिभेवर असते. मॅडम सांगतात, मराठीतून नका येऊ, हिंदीतून या. एस्क म्हणजे तो पुढचा क्या. पहिल्याच तासाला बाराच्या बारा जण बरोबर प्रश्न करायला लागतात. एस्क लिहिताना तीन शब्द आणि मध्ये एक आडवी रेघ, शब्दशः अर्थ ‘हे असं आहे का की’. पण तोंडात एकच घोट: एस्क. पुढे स्वर आला की तोही त्यात मिसळतो: ‘एस्किल या अँ ब्युस?’ म्हणजे बस आहे का? फर्दापूरच्या फाट्यावर खाजगी गाड्या थांबवतात आणि तिथून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर बसने जायचं असतं, तेव्हा हा प्रश्न रोजचाच.

पण हीच युक्ती चौथ्या रविवारी उलटते, आणि त्याचा इलाज पुस्तिकेत नाही. हिंदीचा ‘क्या’ दोन कामं करतो. ‘क्या तुम खाते हो?’ आणि ‘तुम क्या खाते हो?’ यांत शब्द तेच, जागा बदलली. फ्रेंचमध्ये मात्र ही दोन कामं दोन शब्दांची: पहिल्याला एस्क, दुसऱ्याला केस्क. ‘एस्क वू माँजे?’ म्हणजे जेवता का? ‘केस्क वू माँजे?’ म्हणजे काय जेवता? सुरुवातीच्या एका ‘क’चा फरक. क्याच्या आधाराने आलेले विद्यार्थी इथे हमखास घसरतात, कारण त्यांच्या लेखी दोन्ही क्याच. खरं तर इथे पुन्हा मराठीत यायला हवं होतं. आपल्याकडे ‘का’ आणि ‘काय’ हा भेद आयता आहे: का म्हणजे एस्क, काय म्हणजे केस्क. (‘येतोस काय?’ असं बोलणाऱ्यांनी तो काय आधी का करून घ्यावा, मगच फ्रेंचमध्ये न्यावा.) वर्गात कुणी विचारलं तर मॅडम हे सांगतात, पण छापलेलं नाही, आणि जो त्या रविवारी लग्नाला गेला तो कायमचा गोंधळला.

याच्याच शेजारी आणखी एक खड्डा आहे, तो मात्र पुस्तिकेने चांगला भरलाय. ‘काय’साठी फ्रेंचमध्ये नुसता ‘क’ असा शब्द आहे, म्हणून नवा माणूस ‘क त्यु फे?’ म्हणतो. हे चालत नाही. नुसता क पुढे ठेवला तर क्रियापद आणि सर्वनाम उलटावंच लागतं: ‘क फे-त्यु?’ उलटायचं नसेल तर केस्क वापरा: ‘केस्क त्यु फे?’ किंवा मित्रासारखं शेवटी ‘क्वा’ टाका: ‘त्यु फे क्वा?’ तिन्हींचा अर्थ ‘काय करतोस?’ वर्गात मागच्या बाकावरून कुणीतरी ‘म्हणजे काय करी ऱ्हायना भो!’ असं म्हणतंच, आणि ते चुकीचं नाही. क्वावाल्या प्रश्नाचा सूर तेवढाच घरगुती आहे. तो हॉटेलातल्या पाहुण्याला लावायचा नाही.

‘काय’ स्वतःच कर्ता असेल तर केस्कचं केस्की होतं. ‘केस्की स पास?’ म्हणजे काय चाललंय? यावर पुस्तिकेत दोन ओळी आहेत, तेवढ्या पुरतात.

सुराचा भाग वर्गात सगळ्यात मजेचा असतो. आपला प्रश्न ‘का’वर टेकलेला असतो, म्हणून आवाज फारसा चढवला नाही तरी कळतं. फ्रेंचमध्ये एस्क काढून टाकलं की प्रश्नाचं सगळं ओझं शेवटच्या शब्दावर येतं. ‘वू-ज़ावे यून शाँब्र’ सपाट म्हटलं तर ‘तुमच्याकडे खोली आहे’ असं समोरच्यालाच सांगितल्यासारखं होतं. मॅडम एकेकाला दाराबाहेर उभं करतात. बाहेरून फक्त वाक्य ऐकू येतं, चेहरा दिसत नाही. आतल्यांनी विधान की प्रश्न ते ओळखायचं. पहिल्या फेरीत निम्मे नापास. मग त्या ‘शाँब्र’वर हात वर नेऊन म्हणायला लावतात, आणि चौथ्या फेरीला हात खिशात ठेवूनही सूर चढतो. एक खबरदारी त्या आवर्जून सांगतात: ऊ, काँ, पुर्क्वा असे प्रश्नशब्द पुढे आले की सूर बहुधा खाली उतरतो. तिथे शब्दच प्रश्न सांगतो, वर ओरडायची गरज नाही.

आता तिसरी तऱ्हा, अदलाबदल. पुस्तिकेत यावर १४ पानं आहेत. चार पुरली असती. ही रीत लिखाणातली, औपचारिक. बोलण्यात तिची ठरावीक वाक्यं उरली आहेत आणि ती पाठच करावीत: ‘कोमाँ-ताले वू?’ (कसे आहात), ‘केल अर एतिल?’ (किती वाजले), ‘पुवे वू…?’ (… कराल का), ‘या-तिल…?’ (… आहे का). बाकीच्या क्रियापदांचे तक्ते दोन अख्खे रविवार खातात. गाडीवाले लोक त्या दोन रविवारी जांभया देतात, आणि त्यांचं चुकत नाही.

त्या १४ पानांतली एक गोष्ट मात्र सुरेख समजावली आहे. ‘बस निघते का?’ हे ‘ल ब्युस पार-तिल?’ होतं, म्हणजे नाम जागेवर ठेवून मागे त्याचं सर्वनाम जोडायचं. ‘तो बोलतो का?’ होतं ‘पार्ल-तिल?’ दोन्हीकडे मध्ये ‘त’ ऐकू येतो. पण पार-तिलमधला त घरचा आहे, क्रियापदाच्या लिखाणात तो असतोच. पार्ल-तिलमधला त उसना. क्रियापद स्वरावर संपतं, सर्वनाम स्वराने सुरू होतं, दोन स्वर आपटू नयेत म्हणून मध्ये घातलेली पाचर. उसना त दोन आडव्या रेघांच्या मध्ये लिहायचा. वहीत अर्ध्या वर्गाने तिथे वरचा स्वल्पविराम काढलेला असतो. या-तिलमधला तही असाच उसना.

कॅनडावाल्यांसाठी एक पुरवणी पान आहे, आणि ते या पुस्तिकेतलं सगळ्यात गमतीचं. क्वेबेकमध्ये बोलताना क्रियापदाच्या मागे नुसता ‘त्यु’ लावून प्रश्न करतात, मग कर्ता कुणीही असो: ‘से-त्यु ल्वँ?’ म्हणजे लांब आहे का? हा त्यु म्हणजे ‘तू’ नव्हे, आपला ‘का’च तो. मराठी माणसाला सगळ्यात सोपा वाटावा असा फ्रेंच प्रश्न अटलांटिकच्या पलीकडे निघाला! पण परीक्षेत लिहू नका, आणि पॅरिसच्या पाहुण्यापुढेही नको.

प्रश्नशब्दांचा तक्ता ठीक आहे: ऊ कुठे, काँ कधी, की कोण, कोमाँ कसं, पुर्क्वा का, कोंब्यँ किती, केल कोणता. यातल्या काँचा उच्चार हिंदीतल्या ‘कहाँ’मधला ह गाळून करा, बरोबर बसतो. पण एस्क जोडताना मध्ये त उगवतो, ‘काँ-तेस्क’, आणि लिहिलेलं अक्षर द असल्यामुळे वाचून शिकलेला माणूस ‘काँदेस्क’ म्हणतो. कोंब्यँच्या मागे वस्तू आली की मध्ये ‘द’ हवाच: ‘इल या कोंब्यँ द ग्रॉत?’ किती लेणी आहेत? उत्तर त्राँत, तीस. ‘केल’ हा आपल्या कोणता-कोणती-कोणतेसारखा बदलतो, पण नुसता लिहिताना. कानाला सगळे सारखे. त्यामुळे बोलण्यापुरतं शिकणाऱ्याने तिथे डोकं लावू नये. भाव विचारायचा सराव केळीवर घेतात, दुसरं काय घेणार: ‘ले बानान, से कोंब्यँ ला दूज़ेन?’ केळी डझनाने कशी? फ्रान्समध्ये केळी किलोवर विकतात, म्हणून तिथे ‘ल किलो’ म्हणायचं, हेही खाली बारीक अक्षरात दिलंय. भरताच्या वांग्याला ओबेर्झीन म्हणतात हे कळल्यावर वर्ग पाच मिनिटं हाताबाहेर जातो.

शिष्टाचाराचं पान लहान आहे, ते मोठं हवं होतं. फ्रेंच माणसाला प्रश्न थेट विचारला की तो दुखावतो. आधी ‘बोंजूर मादाम’ किंवा ‘बोंजूर मस्यो’, मग क्षणभर थांबायचं, समोरून बोंजूर येऊ द्यायचा, मग प्रश्न, आणि शेवटी ‘सिल वू प्ले’. आपल्याकडे ‘ओ भाऊ, स्टँड कुठंय?’ यात काहीच उद्धट नाही, भाऊ म्हटलं की मान दिला. फ्रेंचमध्ये तो मान बोंजूरमध्ये आहे. त्यु आणि वू हे तू आणि तुम्हीसारखेच, इथे मराठी माणसाला काही नवीन नाही. एकच लक्षात ठेवावं: मास्तर, दुकानदार, अनोळखी माणूस यांना वू, आणि वडील, आजोबा यांना घरात बहुधा त्यु. ‘वडिलांना तू?’ म्हणून वर्गात नेहमी कुजबुज होते.

नकारार्थी प्रश्नांचं उत्तर हा भाग मात्र कमाल शिकवतात. ‘दमला नाहीत ना?’ याला आपण ‘हो, नाही दमलो’ म्हणू शकतो. आपला हो विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असतो. फ्रेंचमध्ये उत्तर वस्तुस्थितीला द्यायचं. दमलो नसलो तर ‘नों’. दमलो असलो तर मात्र ‘वी’ चालत नाही, ‘सी’ म्हणायचं. सी म्हणजे ‘दमलोय ना!’ किंवा ‘नाही कसं, दमलोय!’ या एका शब्दावर अर्धा तास देतात आणि तो वाया जात नाही, कारण पाहुणा ‘सी’ म्हणाला आणि गाइडने ते ‘दिसतंय’ किंवा ‘ओके’ समजून त्याला २६ नंबरच्या लेण्यापर्यंत चालवलं, तर चुकलं कुणाचं?

आता मुख्य तक्रार. पुस्तिकेतले सगळे उच्चार देवनागरीत आहेत. कल्पना चांगली, शिकणाऱ्याला आधार मिळतो. पण ‘तू’ या अर्थाचा शब्द सरसकट ‘तू’ असाच छापलाय. अर्थ तोच आणि अक्षरही तेच, म्हणून वाचणारा खूश होतो. आणि तिथेच फसतो. फ्रेंच कानाला आपला ‘तू’ म्हणजे ‘सगळं’ या अर्थाचा दुसराच शब्द. हवा असलेला स्वर वेगळा आहे: तोंडात ‘ई’ म्हणा, जीभ तिथेच ठेवा, आणि ओठ शीळ घालताना करतो तसे गोल करा. जीभ हलली की बिघडला. या लेखात तो ‘त्यु’ असा लिहिलाय, तोही तंतोतंत नाही, पण निदान सावध करतो. हाच घोळ रस्त्याच्या शब्दात होतो. ‘ऊ ए ला रू?’ असं छापील वाचलं तर ‘चाक कुठे आहे?’ होतं, रस्त्यासाठी ‘र्यु’ हवा. गाडीवाल्याने चाक विचारलं तर पाहुणा घाबरणारच. र घशातून काढायचा, हेही छापलेलं नाही. उर्दूतल्या ‘ग़ज़ल’चा ग़ ज्याला येतो त्याला हा र अर्ध्या दिवसात येतो, आणि आपल्या शहरांत तसं बोलणारे शेजारी काही कमी नाहीत.

दुसरी तक्रार अधिक गंभीर. प्रश्न विचारायला शिकवलं, उत्तर ऐकायला नाही. ‘से कोंब्यँ?’ छान म्हटलं आणि समोरून ‘कात्र-वँ-दीस’ आलं, तर? शब्दशः चार-वीस-दहा, म्हणजे नव्वद. सत्तर म्हणजे साठ-दहा, ‘स्वासाँत-दीस’. नव्व्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-नऊ. जुन्या माणसांची विसांची मोजणी ज्यांनी ऐकली आहे, ‘पाच विसा शंभर’वाली, त्यांना हे पाच मिनिटांत समजेल, चार विसा आणि दहा, एवढंच तर आहे. (बेल्जियम-स्वित्झर्लंडचा पाहुणा असेल तर तो सत्तरला ‘सेप्ताँत’ आणि नव्वदला ‘नोनाँत’ म्हणेल, ते सोपं.) रस्ता विचारल्यावर येणाऱ्या उत्तराचंही तेच. ‘आ द्र्वात’ म्हणजे उजवीकडे, ‘तू द्र्वा’ म्हणजे सरळ. शेवटचा एक त ऐकला नाही की माणूस सरळ जायच्या ठिकाणी उजवीकडे वळतो. अदलाबदलीचे दोन रविवार कमी करून ते या ऐकण्यावर घातले तर ही बॅच दुप्पट कामाची होईल.

परीक्षेच्या दृष्टीने पाहणाऱ्यांसाठी: ही डेल्फची, म्हणजे फ्रेंचच्या अधिकृत प्रमाणपत्र परीक्षेची, बॅच नाही आणि तसं सांगतही नाहीत. पण डेल्फच्या ए-१ या सुरुवातीच्या पातळीच्या तोंडी परीक्षेत एक भाग असा असतो, की शब्द लिहिलेली कार्डं मिळतात आणि त्यावरून परीक्षकालाच प्रश्न विचारायचे असतात. ‘खेळ?’ असं कार्ड आलं की ‘एस्क वू फेत द्यु स्पोर?’ बहुतेकांची तारांबळ इथेच उडते, कारण आयुष्यभर उत्तरंच पाठ केलेली असतात. त्या भागाची तयारी इथे आपोआप होते. वाचन, लेखन आणि श्रवण वेगळं करावंच लागेल: चार भागांना प्रत्येकी २५ गुण, पास व्हायला १०० पैकी ५० आणि प्रत्येक भागात किमान ५. परीक्षेला पुणं किंवा मुंबई गाठायची तयारी ठेवा.

३,२०० रुपयांत सोळा तास म्हणजे तासाला दोनशे. बारा जणांत प्रत्येकाला दर रविवारी वीस-पंचवीस वेळा तोंड उघडायला मिळतं, त्या मानाने स्वस्त. बुडालेला रविवार भरून देत नाहीत, म्हणून लग्नसराईत नाव घालू नका. विशेषतः चौथा रविवार चुकवू नका. पंखा एकच आणि तो फळ्यापाशी, एप्रिल-मेची बॅच त्यामुळे टाळलेली बरी. आणि पुस्तिका हातात आल्या आल्या पेन्सिल घेऊन प्रत्येक ‘तू’चा ‘त्यु’ करून टाका. ‘तू द्र्वा’मधला तेवढा राहू द्या.